रुग्णांसाठी वजनकाटा कसा निवडावा: कोकणातल्या दवाखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सावंतवाडीपर्यंतची प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं आणि दहा-वीस खाटांची खासगी रुग्णालयं यांच्याकडून वजनकाट्याबद्दल जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक्स-रे मशीन घ्यायचं तर महिनाभर चर्चा होते. काटा मात्र शहरात जाणाऱ्या कुणाला तरी ‘येताना घेऊन ये’ असं सांगून मागवला जातो. औषधाची मात्रा ज्या आकड्यावर ठरते तो आकडा देणारी वस्तू अशी घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

काटा घ्यायचा आहे. आधी काय बघायचं: क्षमता, किंमत की कंपनी?

आधी कागदावर लिहा, की तुमच्याकडे वजनावर कोणकोणते निर्णय होतात. काटा त्यावरून ठरतो.

क्षयरोगाचंच घ्या. प्रौढ रुग्णाला रोजच्या एकत्रित गोळ्या वजनगटाप्रमाणे मिळतात: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, ६५ ते ७५ ला पाच. काटा किलो-दीड किलो जास्त दाखवत असेल, तर ४९ किलोचा माणूस नकळत चार गोळ्यांच्या गटात जातो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो. जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिली जलसंजीवनी द्यायची असते. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवण्यासाठी टेनेक्टेप्लेस दिलं जातं, त्याची मात्राही वजनाच्या दहा-दहा किलोच्या टप्प्यांनी बदलते. विंचूदंशावर प्राझोसिन वापरण्याची पद्धत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगापुढे ठेवली. मुलांमध्ये तेही किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने देतात.

सर्पदंशाचं मात्र वेगळं आहे. प्रतिविषाची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरत नाही. साप चावताना विष तेवढंच सोडतो, मग समोर मूल असो की मोठा माणूस. त्यामुळे सर्पदंशाच्या रुग्णाला काट्यावर उभं करण्यात एक मिनिटही घालवू नका. त्याला चालवूसुद्धा नका.

अशी यादी झाली की कुठे १०० ग्रॅमचा फरक चालतो, कुठे १० ग्रॅमही चालत नाही, कुठे रुग्ण उभाच राहू शकत नाही, हे आपोआप समोर येतं.

एकच मोठा काटा घेतला तर सगळ्यांना पुरणार नाही का?

नाही. प्रत्येक काट्याला जसं कमाल वजन असतं तसं किमान वजनही असतं, आणि ते कुणी वाचत नाही. दवाखान्यात वापरतात त्या मध्यम अचूकतेच्या वर्गात किमान वजन हे पडताळणीच्या पायरीच्या वीसपट धरतात. पायरी म्हणजे काटा ज्या टप्प्याने वजन मोजतो तो टप्पा. मोठ्यांच्या काट्याची पायरी १०० ग्रॅम असेल तर २ किलोच्या खालचं वजन त्यावर घेऊच नये. कमी वजनाचं बाळ नेमकं त्याच खालच्या भागात येतं.

साध्या आरोग्य केंद्राला बाळाचा एक आणि मोठ्यांचा एक असे दोन काटे तरी हवेतच. मोठ्यांचा काटा आई-बाळ पद्धतीचा घेतलात तर दीड-दोन वर्षांच्या मुलांचीही सोय होते. आधी आईला उभं करायचं, आकडा शून्यावर आणायचा, मग मूल तिच्या हातात द्यायचं. काटा फक्त मुलाचं वजन दाखवतो. अनोळखी जागी मूल ताटात बसत नाही, आईच्या कडेवर शांत राहतं. त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी हीच पद्धत सर्वांत जलद. मात्र शून्य केल्यानंतर आईने काट्यावरून उतरायचं नाही आणि पिशवी, मोबाइल, छत्री आधीच खाली ठेवायची.

बाळाच्या काट्यात काय बघायचं?

पायरी ५ ग्रॅमची असावी, फार तर १० ग्रॅमची. क्षमता १५ ते २० किलो पुरते.

पायरी एवढी बारीक का, तर जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. ७ ते १० टक्क्यांपर्यंतची उतरण सहसा चालते आणि दहा ते चौदा दिवसांत ती भरून निघते. तीन किलोच्या बाळात ७ टक्के म्हणजे २१० ग्रॅम आणि १० टक्के म्हणजे ३०० ग्रॅम. ‘ठीक आहे’ आणि ‘दूध कमी पडतंय’ यांतलं अंतर एवढंच आहे. १०० ग्रॅमच्या पायरीचा काटा ते सांगूच शकत नाही. नंतरही बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढतं.

दुसरं, बाळ कुठे ठेवायचं हेही वजनावर ठरतं. २५०० ग्रॅमच्या खाली कमी वजनाचं बाळ, १८०० ग्रॅमच्या खाली विशेष नवजात शिशु काळजी कक्षात हलवायचं बाळ. राजापुरात रात्री दोन वाजता जन्मलेलं बाळ १७६० ग्रॅमचं की १८६० चं, यावर रुग्णवाहिका रत्नागिरीकडे निघायची की नाही हे ठरू शकतं. त्या वेळी काट्यावर शंका घ्यायला लागू नये.

तिसरं, बाळ हलतं. हलत्या वजनाची सरासरी काढून आकडा धरून ठेवणारी सोय काट्यात हवीच. तिला कुणी होल्ड म्हणतं, कुणी लॉक. ती नसेल तर आकडे नाचत राहतात आणि सिस्टर त्यातला मधला वाटेल तो लिहितात.

ताट गुळगुळीत, खाचा नसलेलं आणि कडा उंच असलेलं घ्या. कोपऱ्यात सांधा असेल तर तिथे घाण साठते. वापरताना आधी कोमट कोरडं फडकं अंथरा, शून्य करा, मगच बाळ ठेवा. उघड्या थंड ताटावर बाळ ठेवायचं नाही. पंखा बंद करा, म्हणजे बाळाला वारा लागणार नाही आणि आकडाही स्थिर राहील. एक हात बाळाच्या वर, न टेकवता.

अंगणवाडीतला झोळीचा ताणकाटा अजून वापरावा का?

दुसरं काही नसेल तर, आणि शिबिरापुरता. झाडाच्या फांदीला टांगता येतो, वीज लागत नाही, होडीतून नेता येतो, हे त्याचे गुण खरे आहेत. पण त्याच्या तबकडीवर १०० ग्रॅमच्या खुणा असतात. शिवाय किनाऱ्यावर स्प्रिंग गंजते, मग तबकडीवरची सुई अडखळते आणि आधीच्या मुलाच्या वजनाकडे झुकते. तबकडीसमोर डोळा नेमका सुईच्या रेषेत नसला की आणखी १०० ग्रॅम इकडचे तिकडे होतात.

तीव्र कुपोषित मुलांसाठी तर तो अजिबात पुरत नाही. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात मूल दाखल होतं तेव्हा त्याचं रोजचं वजन बघायचं असतं. वाढ चांगली म्हणायची तर दिवसाला किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त, आणि ५ च्या खाली गेली तर उपचार चुकतोय असं समजायचं. सात किलोच्या मुलात हा फरक ७० ग्रॅम आणि ३५ ग्रॅम यांतला आहे. १०० ग्रॅमच्या खुणांवर तो दिसणार कसा? इथे १० ग्रॅमच्या पायरीचा काटा मागा आणि त्यासाठी भांडा.

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बाळासाठी चालेल का? स्वस्त पडतो आणि ५ ग्रॅमही दाखवतो.

नको. तो स्थिर मालासाठी बनवलेला असतो. हात-पाय झाडणाऱ्या बाळासाठी लागणारी आकडा धरून ठेवण्याची सोय त्यात बहुतेक वेळा नसते. ताट सपाट असतं, कड नसते, बाळ घरंगळू शकतं. जंतुनाशकाने पुसायची सोयही त्यात धरलेली नसते.

मात्र असा छोटा, १ ग्रॅमच्या पायरीचा टेबलकाटा प्रसूती कक्षात दुसऱ्या कामासाठी जरूर ठेवा. प्रसूतीनंतर किती रक्त गेलं याचा डोळ्यांचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. भिजलेल्या पॅडचं वजन करून कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं तर एका ग्रॅमला साधारण एक मिली रक्त धरता येतं. ५०० मिलीची रेषा कधी ओलांडली ते वेळेत कळतं.

काट्याच्या पाटीवर बारीक अक्षरांत बरंच काही असतं. त्यातलं काय वाचायचं?

चार गोष्टी: कमाल वजन, किमान वजन, पडताळणीची पायरी आणि अचूकतेचा वर्ग. वर्ग लंबगोलात रोमन आकड्याने दाखवलेला असतो. दवाखान्यातल्या काट्यावर तिथे तीन उभ्या रेघा, म्हणजे तिसरा वर्ग (वर सांगितलेला मध्यम अचूकतेचा), दिसायला हवा.

विक्रेता सांगतो, ‘आमचा काटा १० ग्रॅमसुद्धा दाखवतो.’ पडद्यावर दिसणं वेगळं आणि तेवढं अचूक असणं वेगळं. तिसऱ्या वर्गातल्या १०० ग्रॅम पायरीच्या, २०० किलोच्या काट्याला पडताळणीच्या वेळी ५० किलोपर्यंत ५० ग्रॅम आणि त्यापुढे १०० ग्रॅम इकडे-तिकडे चालतात. वापरात असताना त्याच्या दुप्पट. पाटीवर यातलं काहीच छापलेलं नसेल तर तो घरगुती काटा आहे. दिसायला कितीही चांगला असला तरी तो घेऊ नका.

आम्ही काही विकत नाही. मग काट्याला शिक्का कशाला लागतो?

बऱ्याच डॉक्टरांना हे ठाऊक नसतं. वैधमापन अधिनियम २००९ फक्त दुकानांपुरता नाही. ज्या मापनावरून माणसाच्या किंवा जनावराच्या सुरक्षेसाठी काही पाऊल उचललं जातं, तेही त्या कायद्याच्या कक्षेत येतं. रुग्णाच्या वजनावरून औषध ठरतं, म्हणजे तुमचा काटा त्यात आला. म्हणून काट्याच्या नमुन्याला मान्यता असलेली बघा आणि वैधमापन खात्याच्या निरीक्षकाकडून पडताळणी-मुद्रांकन करून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दर १२ महिन्यांनी लागतं. बाजारात याला सरळ ‘पासिंग’ म्हणतात. दुरुस्तीत सील तुटलं तर पासिंग पुन्हा करायचं.

पासिंग आणि कॅलिब्रेशन (ठाऊक असलेलं वजन ठेवून काटा बरोबर लावणं) काटा जिथे वापरायचा तिथेच करून घ्या. इलेक्ट्रॉनिक काटा प्रत्यक्षात दाब मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं. दिल्लीपेक्षा कोकणात ते किंचित कमी आहे. तिकडे बरोबर लावलेला काटा इथे ६० किलोला चाळीस-पन्नास ग्रॅम कमी दाखवू शकतो. नुसत्या या फरकाने कुणाचं नुकसान होणार नाही, पण त्यात वाहतुकीतले धक्के आणि वाकडी फरशी मिसळली की हिशेब बिघडतो.

समुद्राजवळ काटे लवकर खराब होतात. काही उपाय?

होतात, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे. हर्णै, श्रीवर्धन, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा ठिकाणी खारा वारा दिवस-रात्र आत येतो. पावसाळ्यात त्याला दमटपणा मिळतो. पुण्यात दहा वर्षं चालणारा काटा इथे तेवढा टिकेल असं धरून चालू नका.

पहिली गोष्ट पोलादाची. ‘स्टेनलेस स्टील’ एवढं ऐकून समाधान मानू नका. बहुतेक काट्यांचं वरचं ताट ३०४ प्रतीचं असतं. खाऱ्या हवेत त्यावर आधी तपकिरी ठिपके येतात, मग बारीक खड्डे पडतात. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. ते महाग पडतं. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असाल तर पैसे मोजा. देवरुख किंवा कणकवलीसारख्या आतल्या गावाला ३०४ चालेल. ताटाखालची चौकट मात्र नक्की उलटून बघा. वर चकचकीत स्टील आणि खाली रंग दिलेलं साधं लोखंड, हा प्रकार फार आढळतो. रंगाला एक ओरखडा पडला की तिथून गंज धरतो.

दुसरी गोष्ट लोडसेलची. काट्याच्या पोटातला हा धातूचा ठोकळा वजनाने अगदी किंचित वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या पट्ट्या ते वाकणं विजेत मोजतात. त्या पट्ट्यांपर्यंत दमट हवा पोचली की आकडा सरकू लागतो. कुणी उभं नसताना शून्याऐवजी ०.३, मग ०.७, असं हळूहळू. हे लक्षण दिसलं की ‘शून्य दाबून वापरा’ असं म्हणत महिने काढू नका. खरेदीच्या वेळी लोडसेल पूर्ण बंदिस्त आहे का आणि धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण किती, हे लेखी मागा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. आयपी ६७ म्हणजे थोडा वेळ बुडाला तरी चालतो. हा आकडा बहुधा फक्त लोडसेलचा असतो. डिस्प्लेच्या डब्याचा वेगळा विचारा.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. वॉर्डात सगळीकडे हायपोक्लोराइट हे जंतुनाशक वापरतात. ते क्लोराइडच सोडतं, म्हणजे स्टीलला खारा वारा करतो तेच दुप्पट वेगाने होतं. रक्त सांडलं तर ते वापरावंच लागतं. पण दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा आणि कोरडं करा. रोजच्या पुसण्याला साबणाचं पाणी किंवा ७० टक्के अल्कोहोल पुरे. फवारणी काट्यावर करू नका, फडक्यावर करा.

आणि मुंग्या. ताट आणि तळ यांच्यामध्ये, जास्त वजनापासून वाचवणाऱ्या स्क्रूंच्या वर काही मिलिमीटरचीच फट असते. तिथे मुंग्यांचं घर झालं, पालीची अंडी राहिली किंवा चपलांबरोबर आलेली जांभ्याची लाल माती साठली, की एक विचित्र बिघाड होतो. काटा तीसेक किलोपर्यंत अगदी बरोबर आणि त्यापुढे कमी दाखवतो, कारण ताट खाली टेकतं आणि उरलेलं वजन लोडसेलपर्यंत पोचतच नाही. मुलं बरोबर, मोठी माणसं चुकीची. कॅलिब्रेशन बिघडलं असं समजून काटा पुण्याला पाठवला जातो. प्रत्यक्षात ताट उचलून मऊ ब्रशने झाडलं की काम होतं. मे महिन्याच्या शेवटी, मिरगाच्या आधी, एकदा हे कराच.

डिस्प्लेच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. वापर नसला तरी काटा रोज तासभर चालू ठेवा. साधे सेल असतील आणि काटा बरेच दिवस पडून राहणार असेल, तर सेल काढून ठेवा. फुटलेल्या सेलचं पाणी सर्किट खातं.

आमच्या रुग्णालयात पुराचं पाणी येतं. काटा बुडाला तर?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं जे जे होतं ते गेलं. नदीकाठी असाल तर पावसाळ्यात काट्याची जागा जोत्यापेक्षा वर धरा. निदान बाळाचा काटा तरी रात्री माडीवर न्या. बुडालेला काटा वाळवून लगेच चालू करू नका. बॅटरी काढा, गाळ गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि माहीतगाराला दाखवा. पुन्हा पासिंग झाल्याशिवाय त्यावर रुग्ण उभा करायचा नाही.

पावसाळ्यात रुग्ण चिंब भिजून येतात. वजन कसं घ्यायचं?

सुती साडी कोरडी असतानाच अर्धा किलोच्या आसपास भरते, ओली झाली की कितीतरी जास्त. गर्भवतीचं वजन दर तपासणीला माता-बाल कार्डावर चढतं. जूनमधलं कोरडं वजन आणि जुलैमधलं ओलं वजन शेजारी लिहिलं तर वाढ दिसते ती पावसाची. शक्य असेल तिथे दोन-तीन धुतलेले कोरडे गाऊन ठेवा. नसेल तर बदलता येईल एवढं बदलून घ्या आणि वजनाशेजारी ‘कपडे ओले’ असं लिहा. काट्यापुढे रबरी चटई ठेवा. ओल्या पायांनी स्टीलच्या ताटावर म्हातारं माणूस घसरतं. खाच असलेलं रबरी आवरण ताटाबरोबरच मागवा.

वीज जाते, दाब कमी-जास्त होतो. बॅटरीचा घ्यावा का?

हो, बॅटरी हवीच. आतली बॅटरी चार्ज होणारी असली तरी नेहमीच्या सेलवर चालणारा पर्याय गावात बरा पडतो, कारण सेल पानपट्टीवरही मिळतात. अडॅप्टरवर चालणारा असेल तर विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

उभं राहता न येणाऱ्या रुग्णांसाठी कोणता काटा?

खुर्चीकाटा किंवा व्हीलचेअरचा सपाट काटा. डायलिसिस केंद्र असेल तर व्हीलचेअरचाच, आणि तो टाळाटाळ न करता घ्या. डायलिसिसमध्ये किती पाणी काढायचं हे ‘आजचं वजन वजा कोरडं वजन’ या एका वजाबाकीवर ठरतं. कोरडं वजन म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. काटा अर्धा किलो जास्त दाखवत असेल तर रुग्णाच्या अंगातून अर्धा लिटर जास्त पाणी ओढलं जातं. मग रक्तदाब पडतो, पायांत गोळे येतात, आणि घरी जाताना एसटीत बसल्यावर चक्कर येते. डायलिसिसच्या आधी आणि नंतर त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन करा.

क्षमता ३०० किलोची बघा, कारण खुर्चीचंच वजन पंधरा-वीस किलो असतं. प्रत्येक रिकाम्या व्हीलचेअरचं वजन करून तिच्या पाठीवर रंगाने लिहून ठेवा. मागची पिशवी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या लावून वजन केलं की काढून, हेही लिहा. चढ-उताराच्या पट्टीचा कोन फार उभा नको. एकट्या मावशींना खुर्ची चढवता आली पाहिजे.

खाटेखालचा काटा महाग असतो. अतिदक्षता विभाग नसेल तर तूर्त त्याची गरज नाही. छातीत दुखणाऱ्या, स्ट्रेचरवरच्या रुग्णाचं वजन नातेवाइकांना विचारा, जुने कागद बघा आणि केसपेपरवर ‘सांगितलेलं’ असं स्पष्ट लिहा.

सरकत्या वजनांचा जुना दांडीचा काटा फेकून द्यावा का?

मुळीच नाही. दोन्ही बाजूंना वजनंच तोलली जातात, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा फरक त्याला लागत नाही. वीज लागत नाही, आणि तेलपाणी केलं तर तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तोलण्याच्या धारा गंजल्या नाहीत ना एवढं बघा. वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून गर्दीच्या ओपीडीला तो गैरसोयीचा. राखीव म्हणून उत्तम.

काटा कुठे ठेवायचा?

कठीण, सपाट जमिनीवर, भिंतीला न टेकवता. गालिचा नको, हलणारी शहाबादी फरशी नको. काट्यावर पाणसळीचा बुडबुडा असतो. तो मधल्या वर्तुळात येईपर्यंत पाय फिरवून बसवा आणि काटा हलवला की पुन्हा बघा. जुन्या घरात दवाखाना असेल आणि जमीन ओबडधोबड असेल, तर काट्याच्या मापाची ग्रॅनाइटची लादी सिमेंटात पक्की बसवून घ्या. खर्च थोडा आणि फायदा कायमचा. रुग्णाला दारातल्या सगळ्यांसमोर वजन करावं लागू नये, एवढा आडोसाही द्या. बायका त्यामुळेच काट्यावर चढायला कचरतात.

रोज काय तपासायचं? आमच्याकडे तंत्रज्ञ नाही.

तंत्रज्ञ लागत नाही. शिक्का असलेली २० किलोची दोन लोखंडी वजनं आणि बाळाच्या काट्यासाठी २ किलोचं एक वजन विकत घ्या. सकाळी पहिल्या रुग्णाआधी शून्य बघा, वजन ठेवा, वहीत लिहा. आठवड्यातून एकदा तेच वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्यांत एका पायरीपेक्षा जास्त फरक आला की काटा थांबवा. वजनं कोरड्या कपाटात ठेवा, त्यांना तेल-रंग लावू नका. बारा महिन्यांची ही वही पासिंगच्या वेळी आणि तक्रारीच्या वेळी दोन्हीकडे कामाला येते.

किलो-पौंड, उंचीची दांडी, बीएमआय, ब्लूटूथ यांतलं काय घ्यावं?

एकक फक्त किलो असावं आणि ते बदलता येणार नाही असं कुलूपबंद असावं. चुकून बटण दाबलं गेलं आणि २२ पौंडाचं, म्हणजे १० किलोचं, मूल २२ किलोचं म्हणून लिहिलं गेलं, तर औषध दुपटीहून जास्त जाईल. उंचीची दांडी उपयोगाची आहे. बाकीचं फुकट मिळालं तर घ्या.

जेमवरून (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारातून) घेताना किंवा निविदा काढताना काय लिहायचं?

नुसतं ‘वजनकाटा, २०० किलो, इलेक्ट्रॉनिक’ असं लिहिलंत तर सर्वांत स्वस्त तोच येईल आणि तुम्हाला तो नाकारता येणार नाही. पायरी, अचूकतेचा वर्ग, नमुना मान्यता, स्टीलची प्रत, चौकटीचा धातू, बंदिस्त लोडसेल, आयपी आकडा, आकडा धरून ठेवण्याची सोय, फक्त किलो, जागेवर बसवून पहिलं पासिंग करून देणं, हे सगळं लेखी मागा. हमीच्या कागदात गंज वगळलेला असतो. ते वाक्य शोधा आणि त्यावर बोला.

मग विचारा, दुरुस्तीला माणूस कुठून येणार? कोल्हापुराहून येणार असेल तर जुलैत घाटात दरड कोसळली की तो येत नाही. गणपतीच्या आठवड्यात मुंबईहून येणारा महामार्गावरच अडकतो. नेमक्या त्याच दिवसांत चाकरमानी आणि त्यांची मुलं तुमच्या ओपीडीत असतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, महाड अशा जवळच्या ठिकाणी माणूस असलेला विक्रेता थोडा महाग असला तरी तोच घ्या. देखभाल करारात ‘किती दिवसांत येणार’ आणि ‘तोवर बदली काटा देणार का’ हे दोन मुद्दे असलेच पाहिजेत. सरकारी केंद्रांना रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा खर्च मांडता येतो. मांडताना वर सांगितलेली वजनावरच्या निर्णयांची यादी जोडा.

खाडीपलीकडच्या गावात शिबिराला काटा न्यायचा आहे.

डिस्प्ले आणि ताट एकत्र असलेला, सपाट, हलका काटा घ्या. जाड फोमच्या पेटीत, वर बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवा. तरीत किंवा फेरीबोटीत पेटी मांडीवर घ्या, बोटीच्या तळाशी ठेवू नका, तिथे नेहमी पाणी असतं. पलीकडे पोचल्यावर आधी २ किलोच्या वजनाने तपासा, मगच रांग लावा. सारवलेल्या जमिनीवर काटा रुततो, म्हणून जाड फळी बरोबर असू द्या.

काटा बंद पडला. आज लस आहे, पन्नास मुलं बाहेर बसली आहेत. काय करू?

लस थांबवू नका, तिला वजन लागत नाही. शेजारच्या उपकेंद्राचा किंवा अंगणवाडीचा काटा मागवा. तोवर सहा महिन्यांपुढच्या मुलांच्या दंडाचा घेर पट्टीने मोजा. ११५ मिलिमीटरच्या खाली आलेलं मूल तीव्र कुपोषित धरायचं आणि त्याला आजच डॉक्टरांना दाखवायचं. ज्या मुलांना वजनावर औषध द्यायचं आहे त्यांना वेगळं बसवा, काटा आला की आधी त्यांचं वजन करा. बंद काट्यावर ‘वापरू नये’ अशी पाटी लावा आणि तो खोलीबाहेर काढा, नाहीतर संध्याकाळच्या पाळीला कुणीतरी त्यावरच बाळ ठेवेल. कार्डावर वजनाचा रकाना मोकळा राहिला तरी चालेल. मागच्या महिन्याच्या आकड्यात अंदाजाने भर घालून तो भरायचा नाही.